‘इन्फॉर्म्ड टू डॉक्टर’ : एका डिस्चार्ज पत्रातल्या नऊ जादा शब्दांचं प्रकरण

सिस्टरांनी पहिलं पत्र लिहून आणलं ते वॉर्डातल्या बाद झालेल्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टच्या पाठकोऱ्या बाजूवर. अक्षर टपोरं, ओळी सरळ, खाडाखोड जवळजवळ नाही. सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात आठ वर्षं नोकरी केलेली बाई. इंग्रजी वाचायला अडत नाही, डॉक्टरांच्या राउंडमध्ये बोलायलाही अडत नाही. त्यांना ब्रिटनला जायचं होतं आणि त्यासाठी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी, द्यायची होती. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत ३५० गुण लागतात, लिहिण्यात ३०० चालतात. म्हणजे कौन्सिलनंच लेखनाला थोडी सूट दिलेली आहे. तरी माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या बहुतेक नर्सेस अडतात त्या लेखनातच.

लेखनाचा पेपर ४५ मिनिटांचा असतो. पहिली ५ मिनिटं फक्त वाचायची, हातात पेन घ्यायचं नाही. रुग्णाच्या तुटक नोंदी दिलेल्या असतात. त्यांतून उरलेल्या ४० मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं. नर्सेसना बहुधा एका नर्सनं दुसऱ्या नर्सला रुग्ण सोपवतानाचं पत्र येतं. सिस्टरांनी सरावासाठी लिहिलेलं पत्र अशाच एका काल्पनिक रुग्णाचं होतं. ७१ वर्षांचे गृहस्थ, खुब्याचं हाड मोडल्यावर ऑपरेशन झालेलं, आता घरी जाणार, आणि घरी भेट देणाऱ्या कम्युनिटी नर्सला पुढची काळजी कळवायची.

पत्र वाचून मी पेन्सिलनं नऊ गोल काढले. मूळ वाक्यं जशी होती तशीच देते.

‘आय अ‍ॅम रायटिंग टू रिक्वेस्ट फॉर होम व्हिजिट्स.’ ‘हिज सन अकम्पनीड विथ हिम.’ ‘ही रिटर्न्ड बॅक टू द वॉर्ड आफ्टर सर्जरी.’ ‘डिस्पाइट ऑफ पेन, ही वॉक्ड टू द बाथरूम.’ ‘ही लॅक्स ऑफ अ‍ॅपेटाइट.’ ‘वी डिस्कस्ड अबाउट हिज डाएट.’ ‘द सर्जन एम्फसाइज्ड ऑन डेली वॉकिंग.’ ‘ही हॅड फीव्हर अ‍ॅट नाइट अँड आय इन्फॉर्म्ड टू डॉक्टर.’ आणि शेवटी, ‘काइंडली काँटॅक्ट टू अस.’

फॉर, विथ, बॅक, ऑफ, ऑफ, अबाउट, ऑन, टू, टू. नऊ वाक्यांत नऊ जादा शब्द. यातला ‘बॅक’ व्याकरणानं प्रेपोझिशन नव्हे, क्रियाविशेषण आहे, पण दुखणं तेच म्हणून त्याला याच रांगेत बसवलं. ‘ही वॉज अ‍ॅडमिटेड इन अवर हॉस्पिटल’ असंही एक वाक्य होतं. त्यात ‘इन’च्या जागी ‘टू’ हवा. तिथे शब्द चुकीचा आहे, जादा नाही. दोन्ही चुकांची औषधं वेगळी म्हणून त्याला गोल काढला नाही, फक्त खाली रेघ मारली.

पहिली चूक माझी झाली, ती आधी सांगते. मी सिस्टरांना वीसेक क्रियापदांची यादी दिली आणि ‘यांच्यापुढे प्रेपोझिशन येत नाही, पाठ करा’ असं सांगितलं. बहुतेक क्लासेसमध्ये हेच चालतं. स्पर्धा परीक्षांच्या ‘चूक ओळखा’ प्रश्नांसाठी अशा याद्या पिढ्यान्‌पिढ्या घोकल्या जातायत. सिस्टरांनी दोन नाइट ड्यूट्यांमध्ये यादी पाठ केली आणि पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र आणलं.

त्यात नऊपैकी आठ चुका गेल्या होत्या, आणि पाच नव्या आल्या होत्या. ‘ही कम्प्लेन्ड सिव्हिअर पेन.’ ‘ही लिसन्ड द इन्स्ट्रक्शन्स केअरफुली.’ ‘प्लीज रिफर द अटॅच्ड चार्ट.’ ‘काइंडली रिप्लाय धिस लेटर.’ आणि पाचवी वाचून मी दचकलेच, ‘ही इज अ‍ॅलर्जिक पेनिसिलिन.’

यादीतून त्यांनी घेतलं ते एवढंच, की प्रेपोझिशन दिसला की काढायचा. जिथे तो अत्यावश्यक होता तिथूनही त्यांनी तो काढला. ‘रिफर’चं उदाहरण बघा. ‘रिफर द पेशंट’ म्हणजे रुग्णाला दुसरीकडे पाठवणं, ‘रिफर टू द चार्ट’ म्हणजे चार्ट उघडून बघणं. वॉर्डात ही दोन्ही कामं रोज होतात आणि त्यांच्यात फरक करणारा शब्द एकच, ‘टू’. तो काढला तर चार्टलाच दुसऱ्या रुग्णालयात पाठवल्यासारखं होतं. ‘अ‍ॅलर्जिक’ तर क्रियापदच नव्हे, विशेषण आहे. त्याच्यामागे ‘टू’ नसला तर वाक्य उभंच राहत नाही.

सिस्टर खिन्न झाल्या. म्हणाल्या, “मॅडम, लावला तरी चूक, काढला तरी चूक. मी करू काय?” त्यांना द्यायला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. मग दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि त्यांना म्हटलं, “हे वाचू नका. राउंड चालू आहे असं समजा आणि या आजोबांबद्दल मला तोंडी सांगा. इंग्रजीतच, पण तुम्ही वॉर्डात बोलता तसं.”

त्या बोलायला लागल्या. ‘हिज सन केम विथ हिम.’ ‘ही केम बॅक टू द वॉर्ड.’ ‘वी टॉक्ड अबाउट हिज डाएट.’ ‘आय आस्क्ड फॉर होम व्हिजिट्स.’ ‘ही हॅज नो अ‍ॅपेटाइट.’ नऊपैकी एकही चूक नाही.

तिथे मला प्रकरण दिसलं. बाई बोलतात तेव्हा प्रेपोझिशन बरोबर असतो. लिहायला बसल्या की बिघडतो. मधे घडतं काय? विचारल्यावर त्यांनी मोबाइलमध्ये ठेवलेली एक पीडीएफ दाखवली. ‘साध्या शब्दांऐवजी उच्च शब्द’ असं तिचं स्वरूप, डावीकडे साधा शब्द, उजवीकडे भारी. टॉक, डिस्कस. आस्क, रिक्वेस्ट. कम बॅक, रिटर्न. गो विथ, अकम्पनी. परीक्षेत गुण भारी शब्दांना मिळतात असं कुणीतरी सांगितलेलं. म्हणून पत्र लिहिताना सिस्टर आधी मनात साधं, बरोबर वाक्य तयार करत आणि मग यादीत बघून त्यातला एक शब्द उचलून त्या जागी भारी शब्द ठेवत. जुना शब्द जायचा, पण त्याचं शेपूट मागेच राहायचं. ‘टॉक अबाउट’मधला ‘टॉक’ गेला, ‘अबाउट’ राहिला, झालं ‘डिस्कस अबाउट’. ‘आस्क फॉर’चा ‘फॉर’ ‘रिक्वेस्ट’ला चिकटला. ‘कम बॅक’चा ‘बॅक’ ‘रिटर्न’ला. ‘इन स्पाइट ऑफ’चा ‘ऑफ’ ‘डिस्पाइट’ला. ‘स्पीक टू’चा ‘टू’ ‘काँटॅक्ट’ला.

इंग्रजीत शब्द एकेकटा बदलता येत नाही. त्याच्या मागचा प्रेपोझिशन त्याच्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच जातो. शब्दांची निवड आणि प्रेपोझिशनची निवड हा एकच निर्णय आहे, आणि आपल्या शाळांमध्ये तो दोन वेगळ्या धड्यांत शिकवला जातो.

हे असं का, याचं एक कारण शब्दांच्या वंशावळीत आहे. टॉक, आस्क, कम, गो ही इंग्रजीची घरची, जर्मॅनिक कुळातली क्रियापदं. त्यांना दिशा दाखवायला मागून छोटा शब्द लागतो. डिस्कस, रिक्वेस्ट, रिटर्न, अकम्पनी हे लॅटिनमधून, बरेचसे फ्रेंचमार्गे आलेले पाहुणे, आणि त्यांची दिशा पुष्कळदा त्यांच्या पोटातच असते. ‘रिटर्न’मधला ‘री’ म्हणजेच मागे, परत. ‘एंटर’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याच्या मुळाशीच ‘आत’ आहे. ‘अकम्पनी’त ‘कम्पॅनियन’ आहे, आणि त्यात ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. एका भाकरीतले दोघे. इतकी सोबत शब्दातच असताना वर आणखी ‘विथ’ लावायची गरज राहत नाही.

सिस्टरांना लॅटिनचा काही उपयोग होईना, म्हणून मी म्हटलं, “पिवळा पीतांबर.” त्या लगेच हसल्या. पीत म्हणजेच पिवळा, अंबर म्हणजे वस्त्र, मग पिवळा पीतांबर कशाला? गाईचं गोमूत्र कशाला? शाळेत मराठीच्या तासाला या द्विरुक्तीवर आपण सगळे हसलेलो असतो. ‘रिटर्न बॅक’ हा इंग्रजीतला पिवळा पीतांबर. संस्कृत उपसर्ग डोळ्यांपुढे आणले की लॅटिनचा कारभार मराठी माणसाला चटकन कळतो, कारण ‘प्रवेश’मधला ‘प्र’ आणि ‘निर्गमन’मधला ‘निर्’ हेच काम करतात.

आता ‘इन्फॉर्म्ड टू डॉक्टर’. नऊ चुकांपैकी दुसऱ्या पत्रातही टिकून राहिलेली ती एकटीच. यादीत ‘इन्फॉर्म’ होतं, सिस्टरांना ते पाठही होतं, तरी हात ‘टू’ लिहूनच मोकळा झाला. यात नवल नाही. आपल्याकडच्या नर्सेसच्या नोंदवह्यांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा लिहिलेलं असतं की तो एक ठसाच झालाय. ताप वाढला, इन्फॉर्म्ड टू डॉक्टर. सलाइन बंद पडलं, इन्फॉर्म्ड टू डॉक्टर. सिस्टरांनी आठ वर्षांत ते हजारो वेळा लिहिलं असेल, आणि त्यांच्या सीनियरनीही तसंच लिहिलेलं पाहत त्या शिकल्या.

या ‘टू’चा उगम मात्र मराठीत आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. मराठीत निर्जीव कर्माला सहसा प्रत्यय लागत नाही. पुस्तक वाचलं, गोळी दिली, जखम पुसली. कर्म माणूस असेल तर ‘ला’ किंवा ‘ना’ येतो. डॉक्टरांना कळवलं, मुलाला बोलावलं, मावशींना विचारलं. म्हणूनच आपला विद्यार्थी ‘आय रेड टू द बुक’ असं कधी लिहीत नाही, पण ‘आय आस्क्ड टू हिम’, ‘आय कॉल्ड टू हिम’, ‘आय मेट टू हिम’ हमखास लिहितो. माणूस समोर आला की हाताला ‘ला’ आठवतो आणि तो ‘टू’ होऊन कागदावर उतरतो. सिस्टरांच्या जुन्या नोंदींत आम्ही हे पडताळून पाहिलं. ‘चेक्ड द पल्स’, ‘चेंज्ड द ड्रेसिंग’, सगळं स्वच्छ. ‘टू’ येतो तो डॉक्टर, नातेवाईक, पेशंट यांच्याच आधी. ‘ला’ जिथे लागतो तिथे एवढ्या शिस्तीनं चूक करणारा माणूस निष्काळजी नसतो. तो मराठीचा नियम पाळत असतो, फक्त परक्या घरात.

पण सगळं खापर मराठीवर फोडू नये. मराठीत ‘वेदना असूनही’ म्हणताना ‘ऑफ’सारखं काही नाही, तरी ‘डिस्पाइट ऑफ’ होतंच. आणि ‘डिस्कस अबाउट’ नायजेरियात आणि सिंगापूरमध्येही ऐकू येतं, आणि तिथे तसं बोलणाऱ्यांची मातृभाषा सहसा मराठी नसते. मुळात इंग्रजी स्वतःच शिकणाऱ्याला चकवते. तिथे क्रियापदाला प्रेपोझिशन नको असतो, पण त्याच शब्दाच्या नामाला हवा असतो. वी डिस्कस्ड हिज डाएट, पण अ डिस्कशन अबाउट हिज डाएट. आय रिक्वेस्ट अ व्हिजिट, पण अ रिक्वेस्ट फॉर अ व्हिजिट. एम्फसाइज वॉकिंग, पण एम्फसिस ऑन वॉकिंग. ही लॅक्स अ‍ॅपेटाइट, पण लॅक ऑफ अ‍ॅपेटाइट. काँटॅक्ट अस, पण इन काँटॅक्ट विथ अस. एंटर द रूम, पण एंट्री इनटू द रूम. ‘रिक्वेस्ट’, ‘लॅक’, ‘काँटॅक्ट’ यांच्यात तर नाम आणि क्रियापद दिसायलाही सारखंच. कान नामाबरोबरचा प्रेपोझिशन ऐकतो आणि तो क्रियापदाच्या गळ्यात बांधतो.

त्यात रुग्णालयाची भाषा नामांनी खचाखच भरलेली. आपल्याकडे केसपेपरवर सी/ओ, एच/ओ, के/सी/ओ लिहितात. कम्प्लेन्स ऑफ, हिस्टरी ऑफ, नोन केस ऑफ. दिवसातून कितीदा तरी ‘ओ’ लिहिणाऱ्या हाताला ‘लॅक्स’नंतरही ‘ऑफ’ सुचला तर मला ते समजण्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे ‘कम्प्लेन ऑफ’मधला ‘ऑफ’ अगदी बरोबर आहे, आणि सिस्टरांनी दुसऱ्या पत्रात काढून टाकला तो नेमका तोच.

निदान झालं, पण परीक्षेच्या खोलीत वंशावळ आठवत बसायला वेळ नसतो. हाताशी एखादी सोपी कसोटी हवी होती, आणि ती सिस्टरांच्याच वहीत सापडली. त्यांच्या जुन्या नोंदींत काही ठिकाणी कर्मणी प्रयोग होता, ‘डॉक्टर वॉज इन्फॉर्म्ड अ‍ॅट ११ पीएम’. तिथे ‘टू’ नव्हता! एकच हात, एकच गोष्ट, पण वाक्य कर्मणी झालं की ‘टू’ आपोआप गळतो. का? कारण कर्मणी प्रयोगात कर्म पुढे जातं आणि क्रियापदाची मागची बाजू उघडी पडते. खरोखर लागणारा प्रेपोझिशन तिथे लोंबकळत राहतो, न लागणारा राहूच शकत नाही.

म्हणून आम्ही वाक्यं उलटायला लागलो. ‘द डाएट वॉज डिस्कस्ड.’ शेवटी ‘अबाउट’ जोडून मोठ्यानं म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं. पण ‘द डाएट वॉज टॉक्ड अबाउट’ मधला ‘अबाउट’ काढला तर वाक्य लंगडं होतं. ‘होम व्हिजिट्स वेअर रिक्वेस्टेड.’ ‘डेली वॉकिंग वॉज एम्फसाइज्ड.’ ‘ही वॉज अकम्पनीड बाय हिज सन.’ ‘वी कॅन बी काँटॅक्टेड.’ आणि उलट बाजूनं, ‘द इन्स्ट्रक्शन्स वेअर लिसन्ड टू’, ‘द चार्ट वॉज रिफर्ड टू’, ‘द लेटर वॉज रिप्लाइड टू’. इथे ‘टू’ हलत नाही, म्हणजे साध्या वाक्यातही तो हवाच. यादीनं जे साधलं नाही ते हे, की एकच कसोटी जादा प्रेपोझिशनही पकडते आणि गळालेलाही.

ही कसोटी सगळीकडे लागत नाही, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. नऊपैकी सहा जागी लागली. ‘लॅक’चा कर्मणी प्रयोग होत नाही, ‘अ‍ॅपेटाइट इज लॅक्ड’ असं कुणी म्हणत नाही. तसंच ‘रिझेम्बल’चं. ‘डिस्पाइट’ तर स्वतःच प्रेपोझिशन आहे, त्याला दुसरा कशाला? आणि ‘रिटर्न बॅक’ला पीतांबर पुरतो.

उरलेल्यांसाठी शब्दकोश, आणि तो विद्यार्थ्यांसाठी बनवलेलाच घ्यायचा. ए. एस. हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकानं जपानमध्ये शिकवत असताना पाहिलं, की परभाषकाला शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य बांधता येत नाही. म्हणून त्यानं सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला ज्यात क्रियापद वाक्यात कसं बसतं तेही दिलेलं होतं. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, आणि आजच्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाचा तोच पूर्वज. अशा कोशात क्रियापदापुढे सकर्मक की अकर्मक हे खूण करून दिलेलं असतं आणि खाली उदाहरणं असतात. सकर्मकाची खूण दिसली की कर्म थेट जोडायचं. सिस्टर तोवर मोबाइलवर फक्त मराठी अर्थ बघत. ‘डिस्कस : चर्चा करणे’ एवढ्यानं भागत नाही, कारण चर्चा ‘आहाराविषयी’ किंवा ‘आहारावर’ होते आणि मराठी अर्थच ‘अबाउट’ घेऊन येतो.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग. ‘डिस्कस्ड अबाउट’मधला ‘अबाउट’ काढला, वाक्य व्याकरणानं शुद्ध झालं. तरी मी त्यांना विचारलं, “आहाराबद्दल नेमकं झालं काय होतं?” नोंदीत एवढंच होतं, की मीठ कमी करायला सांगितलं. म्हणजे चर्चा झालीच नव्हती. ‘वी डिस्कस्ड हिज डाएट’ म्हटल्यावर वाचणारी नर्स समजते, की दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, त्यांच्या आवडीनिवडी विचारल्या, काहीतरी ठरलं. खरं वाक्य होतं ‘ही वॉज अ‍ॅडव्हाइज्ड टू रिड्यूस सॉल्ट’. घरी भेट देणाऱ्या नर्सला आता कळतं, की सूचना दिलेली आहे, पाळली जाते का ते बघायचं.

‘एम्फसाइज्ड’चंही तेच. सर्जननी रोज चालायला सांगितलं, तर ‘अ‍ॅडव्हाइज्ड’. ‘एम्फसाइज्ड’ म्हणजे ठासून सांगितलं, जोर देऊन. ते वाचून कम्युनिटी नर्सच्या मनात येईल, की हे आजोबा चालायला टाळाटाळ करतात की काय. नोंदीत तर ते दुखत असतानाही बाथरूमपर्यंत स्वतः चालत गेले असं लिहिलेलं. भारी शब्दानं एका कष्टाळू म्हाताऱ्या माणसावर नकळत आळसाचा शिक्का मारला होता. आणि ‘ही लॅक्स अ‍ॅपेटाइट’पेक्षा ‘हिज अ‍ॅपेटाइट इज पुअर’ हे वॉर्डातलं रोजचं, सरळ इंग्रजी. त्यात चुकायला जागाच नाही.

जादा प्रेपोझिशन हा बहुतेक वेळा याचीच खूण असतो, की इथे लिहिणाऱ्यानं आपला शब्द सोडून दुसऱ्याचा शब्द घेतलाय. म्हणून तो दिसला की मी आता तो नुसता खोडत नाही. त्याच्या अलीकडच्या क्रियापदाकडे बघते आणि विचारते, हेच म्हणायचं होतं का?

चौथ्या पत्रात एक वेगळ्या जातीची पुनरुक्ती आली. ‘द वॉर्ड टू विच ही वॉज अ‍ॅडमिटेड टू.’ ‘अ‍ॅडमिटेड टू’ आता पाठ झालेलं, आणि वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन येऊ नये हेही कुणी तरी शिकवलेलं. म्हणून त्यांनी तो पुढे नेला आणि मागचा उचलायला विसरल्या. शेवटी प्रेपोझिशन नको, हा धाक जुना आहे. जॉन ड्रायडन या कवीनं १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या एका वाक्याला याच कारणानं नाव ठेवलं, आणि पुढे स्वतःच्या आधीच्या गद्यातली अशी वाक्यंही बदलली. इंग्रजी मात्र तेव्हाही शेवटी प्रेपोझिशन ठेवत होती, आजही ठेवते. ‘द वॉर्ड ही वॉज अ‍ॅडमिटेड टू’ यात काही वावगं नाही. धाक गेला की दुहेरी ‘टू’ही जातो.

अमेरिकन वापराचा प्रश्न सिस्टरांनीच काढला. मालिकांमध्ये ‘ऑफ (off) ऑफ (of) द टेबल’, ‘आउटसाइड ऑफ द हाउस’ ऐकलं होतं. तिकडे ते चालतं. आपल्याला ब्रिटनला जायचंय, आपण एकावर भागवू.

सहा आठवड्यांनी आलेलं पत्र १९१ शब्दांचं होतं. पहिलं वाक्य, ‘आय अ‍ॅम रायटिंग टू रिक्वेस्ट होम व्हिजिट्स’. तापाच्या ओळीत ‘द डॉक्टर वॉज इन्फॉर्म्ड’. ‘ही इज अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन’ ही ओळ त्यांनी वरच्या परिच्छेदात आणून ठेवली होती, हे मी सांगितलं नव्हतं. आठ वर्षांच्या नर्सला ती कुठे असायला हवी ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. मधे एका ठिकाणी ‘ऑर्डर्ड फॉर अ‍ॅन एक्स-रे’ लिहून त्यांनी स्वतःच ‘फॉर’वर काट मारली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘एक्स-रे वॉज ऑर्डर्ड’. कसोटी उत्तरपत्रिकेतच करून पाहिलेली.

मी पत्र परत देत होते, तेवढ्यात त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. “मॅडम, हे अडलं होतं. ‘अरेंज’ला ‘फॉर’ लागतो की नाही? उलटून बघितलं तर दोन्ही बरोबर वाटतात.”

आम्ही कोश उघडला. अरेंज अ‍ॅन अ‍ॅम्ब्युलन्स, चालतं. अरेंज फॉर अ‍ॅन अ‍ॅम्ब्युलन्स टू कम अ‍ॅट नाइन, तेही चालतं. पहिल्यात अ‍ॅम्ब्युलन्स मिळवायची आहे. दुसऱ्यात ती अमुक वेळी येईल अशी व्यवस्था लावायची आहे, आणि ते ‘येणं’ जोडायला ‘फॉर’ लागतोच. सिस्टरांनी वहीचं नवं पान काढलं, वर ‘दोन्ही चालतात, अर्थ बघणे’ असं लिहिलं आणि खाली पहिल्या ओळीत ‘अरेंज’. दुसऱ्या ओळीत ‘रिफर’ लिहिला. तिसरी ओळ मोकळी ठेवून आठची बस पकडायला निघाल्या. त्यांची नाइट होती.